पुणे ते गोवा सायकलने, मदतनिधीसाठी: नवख्यांनी गटात सराव कसा करावा

एखाद्या सामाजिक संस्थेसाठी निधी गोळा करत पुण्याहून गोव्याला सायकलने जायचे ठरवून नवखा माणूस गटात येतो, तेव्हा पहिल्याच भेटीत तो बहुधा विचारतो, "एका दिवसात सव्वाशे किलोमीटर मला जमतील का?" पंधरा-सोळा आठवडे नियमाने सराव केला तर निरोगी प्रकृतीच्या बहुतेकांना ते जमते; पन्नाशीत पहिल्यांदा गिअरची सायकल हाती घेतलेल्यांनाही ते जमलेले मी पाहिले आहे. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. पहिल्या दिवशी सातारा आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे, मांड्या भरून आलेल्या असताना आणि सीटवर टेकणेही नकोसे वाटत असताना, पुन्हा सहा-सात तास सायकल चालवता येईल का? या लेखातली सगळी मांडणी त्या तिसऱ्या सकाळसाठी आहे. ती सकाळ एकट्याच्या सरावाने सहसा साधत नाही, म्हणून गट हवा.

मार्ग आधी समजून घ्या

पुण्याहून गोव्याला जाण्याचे अनेक रस्ते आहेत. नवख्यांच्या गटासाठी चार दिवसांचा आंबोलीमार्गे जाणारा रस्ता मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यावर दर काही किलोमीटरवर गाव, पेट्रोल पंप, दवाखाना आणि मुक्कामाची सोय सापडते. पहिला दिवस पुणे ते सातारा, सुमारे ११० किलोमीटर. दुसरा सातारा ते कोल्हापूर, सुमारे १२०. तिसरा कोल्हापूरहून निपाणी आणि आजऱ्यावरून आंबोली, सुमारे ११५. आणि चौथा आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी, सुमारे ९०. मुक्कामाची ठिकाणे आणि गावांतून घेतलेले वळसे धरून हे अंतर सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटरच्या दरम्यान भरते.

गोवा समुद्रकाठी आहे म्हणून रस्ता उताराचा असणार, हा समज पहिल्याच दिवशी मोडतो. पुणे आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत, आणि आंबोली त्याहून वर, जवळजवळ सातशे मीटरवर आहे. म्हणजे पहिले तीन दिवस तुम्ही चढउतार करत एकाच पठारावर राहता आणि मोठा उतार एकदाच, चौथ्या दिवशी सकाळी येतो. पहिल्या दिवशी कात्रजचा जुना घाट आणि खंबाटकी घाट लागतात. तिसऱ्या दिवशी आजऱ्यानंतर मोठा घाट असा नसतो, पण रस्ता सतत थोडा वर, थोडा खाली जात राहतो आणि थकलेल्या पायांना हाच भाग सर्वांत जड जातो. सरावात फक्त मोठे घाट चढून भागत नाही, ते यामुळेच.

जानेवारीच्या मध्यावर प्रत्यक्ष जायचे ठरवले, तर सराव सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करावा. तोवर पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो, आणि मधल्या दिवाळीचा एक आठवडा सुटला तरी सोळापैकी पंधरा आठवडे हातात राहतात.

निधीचे काम सरावाबरोबरच सुरू करा

नवखे लोक सरावाला आधी लागतात आणि निधीचे काम शेवटच्या महिन्यावर ढकलतात. मग घाट चढायचे की लोकांना फोन करायचे, अशी ओढाताण होते. दोन्ही कामे एकाच आठवड्यात हाती घ्यावीत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे लेखापरीक्षण नियमित होते का, आणि गोळा झालेली रक्कम कोणत्या नेमक्या कामावर खर्च होणार आहे, हे गटाने लेखी विचारून घ्यावे. "शिक्षणासाठी मदत" एवढे सांगून लोक पैसे देत नाहीत आणि देऊही नयेत. "अमुक तालुक्यातल्या शाळेत पायी जाणाऱ्या तीस मुलींसाठी सायकली" असे सांगितले, की देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय होणार ते दिसते. शक्य असेल तर सरावाच्या एखाद्या रविवारी सगळ्या गटाने ते काम प्रत्यक्ष पाहून यावे. आमच्या गटाने ते दुसऱ्या वर्षी केले. स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणाऱ्या माणसाला देणगी मागताना संकोच वाटत नाही, हे मला त्यानंतर कळले.

पैशांबाबत दोन नियम पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावेत. देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात जावी, गटातल्या कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नको. प्रवासाचा खर्च, म्हणजे मुक्काम, जेवण, सोबतची गाडी आणि टी-शर्ट, प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून करावा. देणगीतून एक रुपयाही आपल्या चहावर खर्च झालेला नाही, असे तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता आले पाहिजे.

८०जी या नावाने लोक ओळखतात ती करसवलत संस्थेला लागू आहे का, हे देणगीदार हमखास विचारतात, तेव्हा त्याची माहिती जवळ असू द्यावी. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीलाही ती मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची परदेशी देणग्यांसंबंधीची नोंदणी लागते. ती नसेल तर अशा देणग्या नम्रपणे नाकाराव्यात.

सायकल आणि तुमचे शरीर

या प्रवासासाठी महागडी रोडबाईक, म्हणजे अरुंद टायरची, वेगासाठी बनवलेली सायकल लागत नाही. साधी गिअरची हायब्रिड सायकल पुरते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचे ३५-३८ मिलिमीटर रुंदीचे टायर रोडबाईकच्या अरुंद टायरपेक्षा नवख्याला अधिक आधार देतात. जाड, खाचांच्या टायरची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल असेल, तर निदान टायर तरी बदलून रस्त्याचे, गुळगुळीत बसवून घ्यावेत. सायकल कोणती यापेक्षा ती अंगाला बसते का, हे महत्त्वाचे.

सीटची उंची घरीच तपासता येते. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय त्या वेळी जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तेच हवे असते. गुडघा पुढच्या बाजूला, वाटीजवळ दुखू लागला तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही फार जड गिअरवर चालवत आहात. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार वर आहे. तळहाताला आणि करंगळीला मुंग्या येत असतील, तर शरीराचा भार हातांवर जास्त पडतो आहे असे समजून हँडल थोडे वर किंवा जवळ घ्यावे. हे बदल पहिल्या चार आठवड्यांत, एका वेळी थोडेसेच करावेत. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात सीट हलवणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय.

पॅडेड शॉर्ट्स दोन-तीन घ्याव्यात. त्यांच्या आत दुसरे कोणतेही वस्त्र घालायचे नसते, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि गटातही विचारायला लोक लाजतात. आतल्या कापडाच्या शिवणी तासन्तास घासून कातडी सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी बसणे अशक्य होते. जांघेत व्हॅसलीन लावावे, राईड संपल्याबरोबर कपडे बदलावेत आणि शॉर्ट्स रोज धुवाव्यात. स्त्रियांच्या सीटची रुंदी सहसा वेगळी असावी लागते, म्हणून सायकलबरोबर आलेलीच सीट शेवटपर्यंत वापरण्याचा हट्ट धरू नये. थांबे ठरवतानाही स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप आणि हॉटेले आधी हेरून ठेवावीत. ही सोय नसली की गटातल्या स्त्रिया पाणी कमी पितात आणि दुपारपर्यंत त्यांना उन्हाचा त्रास होतो, हे आम्ही पहिल्या वर्षी लक्षातच घेतले नव्हते.

चाळिशी उलटलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर लांबच्या राईडमध्ये साखर एकाएकी उतरू शकते. अशा सदस्याने ग्लुकोज खिशात ठेवावे आणि आपल्या आजाराची कल्पना निदान दोन सोबत्यांना द्यावी.

पहिले चार आठवडे: वेग विसरून बसण्याची सवय

आठवड्यात तीन दिवस पुरेत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तासभर, आणि रविवारी सगळ्या गटाने मिळून मोठी राईड. पहिल्या रविवारी २५ किलोमीटर, चौथ्या रविवारी ४५ ते ५०, एवढीच वाढ ठेवावी. पाषाण, सूस, नांदे या बाजूचे सकाळचे रस्ते यासाठी चांगले आहेत. पुढे अंतर वाढले की तळेगाव आणि वडगावकडे जाणारा जुना मुंबई महामार्ग उपयोगी पडतो. द्रुतगती महामार्गावर सायकलींना बंदी आहे.

या काळात एकच गोष्ट अंगी बाणवायची, ती म्हणजे हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे. मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे हा अंदाज ठेवावा. नवख्याला जड गिअरवर जोर लावल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखे वाटत नाही, आणि पन्नास किलोमीटरपर्यंत ते खपूनही जाते. त्याचा हिशेब गुडघे तिसऱ्या दिवशी मागतात. चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

गटात चालवण्याची शिस्त

याच भागावर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण दमून कोणी घरी परतले तर फक्त राईड अर्धवट राहते, पण बेशिस्तीने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. सहा ते आठ जणांची एक तुकडी करावी; वीस जणांचा एकच तांडा महामार्गावर कोणालाच आवरत नाही. प्रत्येक तुकडीत रस्ता माहीत असलेला एक जण सर्वांत पुढे आणि पंक्चर काढता येणारा, शांत स्वभावाचा एक जण सर्वांत मागे असावा. मागच्याच्या मागे कोणीही राहायचे नाही आणि पुढच्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. दिवे घाटातून जाणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखीत दिंडीतला वारकरी आपल्या दिंडीची जागा सोडत नाही, तसे हे आहे. कोणी चांगला चालणारा आहे म्हणून तो पुढच्या दिंडीत शिरत नाही.

महामार्गावर एकेरी रांग, डाव्या कडेला पांढऱ्या रेषेच्या आत. दोन सायकलींमध्ये सुरुवातीला दोन सायकलींइतके अंतर ठेवावे आणि सवय झाल्यावर ते एकापर्यंत आणावे, पण आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नये. समोरचा जरासा सरकला तरी चाकाला चाक घासते, आणि पडतो तो मागचा. समोरच्याच्या आडोशाने चालवले की वाऱ्याचा विरोध कमी होऊन पुष्कळ ताकद वाचते, म्हणून सपाट रस्त्यावर पुढच्याने दहा-पंधरा मिनिटांनी बाजूला होऊन मागे जावे आणि पुढची जागा दुसऱ्याला द्यावी. दमलेल्याला या पाळीतून सूट द्यावी, आणि त्याने ती संकोच न करता घ्यावी.

इशारे पहिल्याच रविवारी सर्वांना सारखे शिकवावेत. खड्डा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचे आणि "खड्डा" असे ओरडायचे. थांबताना हात मागे, पंजा उघडा. रस्त्यात गाडी उभी असेल तर हात पाठीमागे नेऊन कोणत्या बाजूने वळसा घ्यायचा ते दाखवायचे. मागून मोठी गाडी येत असेल तर शेवटचा "गाडी" म्हणतो आणि तो शब्द प्रत्येक जण पुढे पोचवतो. अचानक ब्रेक दाबायचा नाही. कानात इयरफोन घालायचे नाहीत. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि ट्रॅक्टर या रस्त्यावर रोज भेटतात, तेव्हा रागावून जागेवर अडून राहण्याऐवजी पुढच्याने वेळीच इशारा देऊन संपूर्ण रांग सावकाश वळवावी.

सरावाच्या काळात हळू चालवणाऱ्यांविषयी गटात कुरकुर सुरू होते, आणि ती वेळीच थांबवावी लागते. वेगवान सदस्यांना मंगळवारी-गुरुवारी हवे तसे पळू द्यावे. रविवार मात्र सगळ्यांचा. मागे पडणाऱ्याची वाट पाहायची, तर तो येऊन पोचल्यावर त्यालाही पाच मिनिटे विश्रांती द्यायची. तो आला की लगेच सगळे निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, ही चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो.

पाचवा ते आठवा आठवडा: घाट

कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवड, आणि तिथून दिवे घाट उतरून हडपसर, हा साधारण साठ किलोमीटरचा फेरा पुण्यातल्या सायकलस्वारांच्या पिढ्यांनी केला आहे आणि नवख्यांसाठीही तोच उत्तम. त्यानंतर कात्रजच्या जुन्या घाटाने खेड शिवापूर, आणि मग सिंहगड, जिथे पायथ्यापासून वर सुमारे नऊ किलोमीटरची सलग चढण आहे. सिंहगड जमला तर गोव्याच्या वाटेवरचा एकही घाट तुम्हाला अडवणार नाही.

चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा. चढावर जोर लागलेला असताना गिअर बदलला तर चेन उतरते किंवा तुटते. घाटात तुकडी मोडली तरी चालेल, कारण चढण प्रत्येकाने आपापल्या गतीने चढायची असते. जमायचे ठिकाण माथ्यावर ठरवून ठेवावे. उतरून ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही.

उतरणे मात्र शिकावे लागते. दोन सायकलींमध्ये निदान वीस मीटर अंतर, ओव्हरटेक नाही, शरीराचा भार मागे आणि हात दोन्ही ब्रेकवर. ब्रेक सलग दाबून धरला तर रिम किंवा डिस्क तापते आणि ब्रेकची पकड कमी होते. म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

नववा ते चौदावा आठवडा: सलग दोन दिवस

माझ्या मते सगळ्या सरावाचा गाभा या सहा आठवड्यांत आहे, आणि बहुतेक गट नेमके इथेच चुकतात. ते दर रविवारी अंतर वाढवत १२०, १४०, १६० किलोमीटरपर्यंत जातात आणि मग सहा दिवस आराम करतात. ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर पुरे करण्याच्या, ब्रेव्हे नावाने ओळखल्या जाणाऱ्या राईड करणारे सदस्य गटात असतील तर हा मोह आणखी वाढतो. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करणे ही निश्चितच मोठी गोष्ट आहे, पण ते केल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी घरी झोपतो. आपल्याला दुसऱ्या दिवशी उठायचे आहे. आमच्या पहिल्या वर्षी गटातल्या दोघांनी सरावात एका दिवसात दीडशे किलोमीटरची मजल मारली होती, आणि तिसऱ्या दिवशी निपाणीच्या पुढे दोघेही सोबतच्या गाडीत बसले. त्यांच्याहून सावकाश चालवणारी, पण दर शनिवारी-रविवारी सायकल काढणारी एक सदस्य पणजीपर्यंत सायकलवर पोचली.

म्हणून नवव्या आठवड्यापासून शनिवार आणि रविवार असे दोन्ही दिवस चालवावे. नववा आठवडा ५० आणि ४०, दहावा ६० आणि ५०, अकरावा ७० आणि ६०. बाराव्या आठवड्यात अंतर जवळजवळ निम्मे करावे, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत. तेराव्या आठवड्यात ९० आणि ७०. चौदाव्या आठवड्यात रंगीत तालीम: शनिवारी कात्रज आणि खंबाटकी घाट ओलांडून वाई, साधारण ९० किलोमीटर, तिथे मुक्काम; रविवारी सकाळी पसरणी घाटाने पाचगणी चढून उतरायचे आणि त्याच रस्त्याने पुण्याला परतायचे. परतताना पुण्याकडची वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते. तिथल्या अंधाराला आणि ट्रकच्या धुराला नवख्यांना सामोरे नेण्यापेक्षा तो टप्पा सोबतच्या गाडीत सायकली चढवून पार करावा. पाय फारच जड झाले असतील तर पसरणीही सोडून द्यावा. तालमीचा उद्देश दुसऱ्या दिवशी सायकलवर बसणे हा आहे.

या तालमीत प्रत्यक्ष प्रवासातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी करून पाहावी: तेच कपडे, तीच पिशवी, तेच खाणे, सोबतची गाडी, पहाटे पाचला उठणे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, आणि अंगावर उजेडात चमकणारे जाकीट, हे हेल्मेटइतकेच सक्तीचे मानावे.

मुक्कामी पोचल्यावरचा पहिला तास दुसरा दिवस ठरवतो, असा माझा अनुभव आहे. सायकलवरून उतरून लगेच आडवे होऊ नये. दहा मिनिटे चालावे, अर्ध्या तासाच्या आत दूध, केळी, उकडलेली अंडी किंवा वरणभात असे काहीतरी खावे, अंघोळ करून पोटऱ्या आणि मांड्या हलक्या हाताने ताणाव्यात. रात्री दहाच्या आत झोपावे. गप्पांचा मोह होतो, पण तो गोव्यात पुरवता येतो.

खाणे आणि पाणी

भूक लागण्याआधी खावे, एवढे सांगून पुरत नाही, कारण भूक लागलेली कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाला काहीतरी पोटात जावे: एक केळे, दोन-तीन खजूर, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळीचा तुकडा. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके हे प्रमाण धरले, तर एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम मिळतात. निघताना पोहे, उपमा किंवा तूप लावलेली पोळी चालते. सातारा-कोल्हापूरच्या वाटेवर मिसळीचा मोह आवरणे कठीण असते, पण तेलकट आणि तिखट खाऊन पुढचे साठ किलोमीटर चालवण्याचा प्रयोग प्रवासात करू नये. कोल्हापुरात मुक्कामी पोचल्यावर ती अवश्य खावी.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. नुसतेच पाणी खूप प्यायले तर घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही आणि डोके दुखू लागते, मळमळते, क्वचित प्रकृती गंभीरही होते. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसऱ्या बाटलीत ओआरएस ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण सर्वांना पाठ असावे.

पंक्चर

एका संध्याकाळी सगळ्या गटाने कोणाच्या तरी पार्किंगमध्ये जमून प्रत्येकाकडून मागचे चाक काढवून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवून घ्यावे. नुसते बघून हे येत नाही. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात आणि त्यांनीच बरीच पंक्चर होतात. म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून तार शोधावी आणि चिमट्याने काढावी, नाहीतर दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. प्रत्येकाजवळ आपल्या चाकाच्या मापाच्या आणि आपल्याच वॉल्व्हच्या दोन ट्यूब, टायर रिममधून काढायच्या पट्ट्या (टायर लिव्हर), छोटा पंप आणि सायकलचे षटकोनी खाचेचे स्क्रू फिरवणाऱ्या ॲलन कीचा संच असावा.

शेवटचे दोन आठवडे आणि प्रत्यक्ष रस्ता

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर आधी निम्म्यावर आणि मग एक तृतीयांशावर आणावे. कमी चालवले म्हणून ताकद जाईल अशी भीती वाटते, पण या दिवसांत जास्त चालवून कोणाचेही भले झालेले नाही. सायकलची सर्व्हिसिंग निघण्याच्या आठवडाभर आधी करून घ्यावी आणि त्यानंतर एक छोटी राईड करून पाहावी, म्हणजे काही सैल राहिले असेल तर कळते.

जानेवारीत कराड ते कोल्हापूर आणि पुढे निपाणीपर्यंतचा पट्टा ऊसतोडणीच्या ऐन हंगामात असतो. पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या, उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्याच्या कडेने, म्हणजे नेमक्या आपल्या जागेतून चालतात, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसावरून अरुंद टायर घसरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी उजाडल्याशिवाय निघू नये, असा नियम आम्ही याच कारणासाठी केला. आंबोली घाटातही पहाटे धुके आणि दव असते, म्हणून तिथेही नाश्ता करून, ऊन पडल्यावर उतरायला लागावे. सावंतवाडीनंतर हवा दमट होते आणि घाम वाळत नाही, पाणी वाढवावे.

सोबतच्या गाडीत प्रथमोपचाराची पेटी, जादा ट्यूब आणि प्रत्येकाच्या घरच्या क्रमांकांची कागदावर लिहिलेली यादी असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवावेत. गाडीत बसण्याचा निर्णय सदस्याने स्वतः घ्यावा, पण चक्कर, छातीत दुखणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तो निर्णय तुकडीतल्या मागच्या माणसाचा आणि त्यावर चर्चा नाही. गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू शकतो, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे. देणगीदारांनी पैसे त्याच्या किलोमीटरसाठी दिलेले नसतात.

परतीची सोय जातानाच करून ठेवावी. सायकली टेम्पोने पाठवायच्या असतील तर जाड पुठ्ठे, जुन्या चादरी आणि दोऱ्या सोबतच्या गाडीत आधीच घालाव्यात, पेडल काढून हँडल वळवून त्या उभ्या बांधाव्यात आणि डिरेलरची, म्हणजे मागच्या चाकाजवळ गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची बाजू दुसऱ्या सायकलीला टेकणार नाही असे पाहावे. घरी पोचल्यापासून पंधरा दिवसांत संस्थेकडून एकूण जमा रकमेचे पत्र घेऊन ते प्रत्येक देणगीदाराला पाठवावे, कोणाची पावती राहिली असेल तर ती मिळेपर्यंत संस्थेकडे पाठपुरावा करावा, आणि ज्या कामासाठी पैसे मागितले ते सुरू झाले की त्याचा फोटो आणि दोन ओळींची माहितीही त्यांच्याकडे धाडावी.